परतीची जागा

"जातो काय म्हणता अप्पा? येतो म्हणावं," ऋजुता म्हणाली. तोंडानं म्हणाली एवढंच. डोळे हातातल्या फोनवर होते आणि सगळा जीव कंट्रोल रूममध्ये. सकाळी सकाळी मंडईकडच्या दोन गाड्या बंद पडल्या होत्या.

"बरं बाई, येतो," अप्पा म्हणाले आणि हसले. हातात कापडी पिशवी, डोक्याला उन्हाची टोपी. "रंगनाथकडे चाललोय, कोरडेवस्तीला. ऋजू, तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"संध्याकाळी बोलू ना अप्पा. आत्ता खरंच वेळ नाहीये हो."

"हो, हो. संध्याकाळी."

थांब्यावरच्या कानखांबाने दोघांचंही बोलणं ऐकलं. दिवा हिरवा झाला, गाडी आली, अप्पा चढले. ऋजुताने हात केला, पण तेवढ्यात फोन वाजला आणि अप्पांनी वळून बघितलं की नाही, हे काही तिला कळलं नाही.

आता हा कानखांब काय प्रकार, ते सांगायला हवं. नीरापूर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ठरलेले मार्ग आणि ठरलेली वेळापत्रकं कधीच मोडीत काढली होती. गाडीला चालक नाही, पाटी नाही. थांब्यावर जायचं, खांबाला आपल्या भाषेत कुठे जायचंय ते सांगायचं, की गाडी हजर. कागदोपत्री त्याचं नाव होतं संवादस्तंभ. पण असल्या नावाने कोण हाक मारतंय? लोकांनी त्याचा कानखांब करून टाकला.

जाण्याचं सोपं होतं. घोडं अडलं ते परतीपाशी, कारण गावाबाहेरच्या थांब्यांना खांबच नव्हते आणि परतीच्या गाड्या आधीच ठरवून ठेवाव्या लागत. सकाळी माणसं घाटावरच्या गावांना गेली, ठीक. पण संध्याकाळी त्यातली किती परत येणार? गाड्या जास्त पाठवल्या तर रिकाम्या खडखडत येतात, कमी पाठवल्या तर माणसं लटकतात. म्हणून हा अंदाज यंत्रानेच करावा असं ठरलं. त्याच्यापुढे लाखो लोकांचे निघतानाचे आवाज ठेवले आणि प्रत्येकाबद्दल एवढंच सांगितलं, की हा त्या दिवशी परत आला, ही आली नाही. आवाजात काय शोधायचं ते कुणीच सांगितलं नाही. शब्द संपताना श्वास किती उरतो, स्वर कुठे किंचित हलतो, बोलण्याआधी माणूस किती थबकतो, असलं काहीबाही यंत्रानं आपलं आपणच हुडकून काढलं. नेमकं काय हुडकलं, ते त्याला बनवणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं.

सुरुवातीला भलतीच फजिती झाली होती. इंजिनियर मंडळी बंगळूरची. त्यांनी यंत्राला शब्दांचे अर्थ शिकवले होते. इकडे घराबाहेर पडणारा जो तो, सोडायला आलेल्या माणसाला म्हणतोय 'येतो हं', 'येते गं'. यंत्राला वाटलं, अरे वा, सगळं गाव आत्ताच परत येतंय! भर सकाळी कारखान्यांच्या फाटकाशी परतीच्या गाड्यांची ही रांग. शेवटी ऋजुताने त्या मंडळींना समजावलं, की बाबांनो, आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, ऐकवत नाही ते. मग त्यांनी शब्द काढून टाकले आणि नुसता आवाज ठेवला. तेव्हापासून यंत्र चुकलं नाही. निदान आकडे तरी तसं म्हणत होते.

जो परत येणार नाही असं यंत्राला वाटे, त्याला प्राधिकरणाच्या बोलीत 'एकेरी' म्हणत. एकेरी माणसासाठी परतीच्या गाडीत जागा धरायची नाही, हा नियम. ऋजुता लोणकर या परती विभागाची प्रमुख. रिकाम्या फेऱ्या तिने जवळजवळ बंद करून दाखवल्या, म्हणून तिचा शाल घालून सत्कारही झाला होता. अधूनमधून तक्रारी यायच्या, 'आम्हाला गाडीच आली नाही' अशा. पण यंत्राचा अंदाज जवळपास शंभर टक्के खरा ठरतोय म्हटल्यावर त्या तक्रारींकडे कोण बघणार?

दुपारचा चहा उरकून कंट्रोल रूम जरा सुस्तावली होती. पलीकडच्या टेबलावरचा तौफिक मुजावर घाटाकडच्या गाड्या बघायचा. त्याने हाक मारली.

"मॅडम, कोरडेवस्तीहून आज परतीची गाडीच नाही. सकाळी गेलेले सगळे एकेरी."

"लग्नबिग्न असेल. मुक्काम असेल."

"असेल," तौफिक म्हणाला आणि घुटमळला. "पण त्यात ज्येष्ठांच्या पासावर विश्वनाथ लोणकर असं नाव आहे. तुमचे अप्पाच ना?"

ऋजुता उठून त्याच्या पडद्यापाशी गेली. अप्पाच होते. परतीची जागा नाही. आणि यंत्राची खात्री इतकी, की इतकी खात्री तिने क्वचितच पाहिली होती.

"काहीतरीच," ती म्हणाली. "रात्री आमच्याकडे पिठलं-भाकरी आहे. त्यांनीच सांगितलंय करायला."

कानखांबातला आवाज दिवसभर जपून ठेवलेला असतो. तिने तो लावला. 'बरं बाई, येतो.' पुन्हा लावला. पुन्हा. तिला काहीसुद्धा वेगळं ऐकू येत नव्हतं. रोजचाच आवाज, रोजचंच हसणं. ती तर तेव्हा हातभर अंतरावर उभी होती! मग जे आपल्याला ऐकू आलं नाही ते या खांबाला कसं ऐकू आलं?

तिने अप्पांना फोन लावला. बराच वेळ वाजला आणि उचलला तो शेजारच्या सोनवणेकाकूंनी.

"अगं ऋजुता, मी तुमच्याच घरात आहे. कधीचा वाजतोय म्हणून किल्लीने उघडून आले. अप्पा फोन इथेच टेबलावर ठेवून गेलेत बघ."

"विसरले असतील. काकू, जरा त्यांचा गोळ्यांचा डबा बघता? फ्रिजवर असतो."

काकू गेल्या, आल्या. "डबा आहे, पण रिकामा गं."

"रिकामा कसा असेल? परवाच महिन्याच्या भरल्यात मी."

"नाहीत बाई. एकसुद्धा नाही." काकूंनी डबा हलवून बघितला. "एवढ्या गोळ्या कशाला लागल्या असतील गं त्यांना एकदम?"

ऋजुताने फोन ठेवला. हृदयाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या. आई गेल्यापासून अप्पा रात्री जागायचे, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या. अप्पा तसं काही करतील? छे! पण मग 'जातो मी' असं का म्हणाले? आणि आपण शहाण्यासारखा त्यांचा शब्द दुरुस्त करत बसलो. रंगनाथकाकांचा नंबरही तिच्याकडे नव्हता. कधी मागितलाच नव्हता. घाटावरच्या चौकीला फोन केला, तर तिथला हवालदार म्हणाला, माणसं बंदोबस्ताला गेलीत, आली की पाठवतो एकाला.

स्वतः निघावं तर शहर ओलांडेपर्यंतच अंधार होणार. घाटाच्या पायथ्याशी डेपोत एक गाडी मात्र रिकामी उभी होती.

"तौफिक, पायथ्याची गाडी काढ. कोरडेवस्ती."

"यंत्रानं मागितली नाहीये मॅडम."

"मी मागतेय ना!"

यंत्राला डावलून गाडी काढली की संचालकांच्या खोलीत दिवा लागतो. नेर्लेकर साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण प्राधिकरणाच्या मंडळापुढे प्रत्येक फेरीचा जाब त्यांना द्यावा लागे. तौफिकने काय ते सांगितलं. साहेबांनी ऋजुताच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

"न्या गाडी," ते म्हणाले. "पण थेट न्या. कुठेही थांबवू नका. जुन्या घाटात अंधाराआधी वर पोचायला हवं, माहिती आहे ना?"

तिला माहीत होतं. कोरडेवस्तीला चढायचं जुन्या घाटाने आणि उतरायचं नव्या घाटाने, अशी तिकडची वाहतूक. नव्या घाटात दिवे होते, जुन्यात नव्हते. विनाचालक गाडीला जुन्या घाटात अंधारात बंदी. मध्येच अंधार पडला की गाडी आहे तिथे उभी राहते, ती उजाडेपर्यंत.

गाडी निघाली. समोरच्या कॅमेऱ्यातला रस्ता मोठ्या पडद्यावर दिसायला लागला. ऊन कललं होतं, डोंगराची सावली निम्म्या रस्त्यावर आलेली. ऋजुता खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. बसवतच नव्हतं तिला.

पहिल्या वळणावरचा थांबा आला. तिथे माणसं उभी होती. गाडी दिसताच त्यांनी हात वर केले, पिशव्या उचलल्या. गाडी त्यांच्यासमोरून सरळ निघून गेली.

"ही माणसं कुठून आली?" तौफिक पुटपुटला. "यंत्राच्या हिशेबाने या थांब्यावर कुणीच नाही."

दुसऱ्या थांब्यावर आणखी माणसं. एक पोरसवदा बाई डोक्यावर गाठोडं घेऊन गाडीच्या कडेने पळायला लागली. तोंडाने काहीतरी ओरडत होती. मग मागे पडली आणि कमरेवर हात ठेवून रस्त्यातच उभी राहिली.

"कोण आहेत बघ," ऋजुता म्हणाली.

तौफिकने चेहरे पासांशी जुळवले. "आज सकाळी गेलेले आहेत मॅडम. काही काल गेलेले. सगळे एकेरी."

"पण हे तर परत यायला उभे आहेत!"

"हो ना. पण यंत्र म्हणतं हे परत येत नाहीत. आणि खरंच कालचे आलेलेच नाहीत. आकडा बरोबर आहे."

ऋजुता त्याच्याकडे बघतच राहिली. अरे देवा! एवढी साधी गोष्ट. माणूस परत आला हे यंत्र मोजतं कशावरून? तो गाडीत बसला, पास लागला, त्यावरून. ज्याला गाडीच पाठवली नाही तो बसणार कशात? कुणी दमलेल्या आवाजात बोललं, कुणी आजारी आईला भेटायला जाताना रडवेलं झालं, की यंत्राने त्याला एकेरी ठरवायचं. एकेरी म्हणून गाडी पाठवायची नाही. गाडी नाही म्हणून तो आला नाही. की यंत्र खूश, बघा, माझा अंदाज खरा! आणि पुढच्या वेळी खात्री आणखी वाढलेली. हेच आकडे तिने मंडळापुढे मिरवले होते.

"मग ही माणसं घरी जातात तरी कशी?" तौफिकने विचारलं.

"टेम्पोला हात करून. नाहीतर चालत. नाहीतर जातच नसतील."

तिसरा थांबा वळणापलीकडे दिसायला लागला. तिथेही हात वर झाले. सावली आता रस्ताभर पसरली होती. थांबलं तर अंधार गाठणार, आणि अप्पांच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या. नाही थांबलं तर ही माणसं. तिने डोळे मिटून घेतले. पण मिटल्या डोळ्यांपुढेही ती गाठोडंवाली पळतच होती.

"थांबव."

"मॅडम, उजेड संपत आलाय."

"थांबव म्हणते ना मी!"

दार उघडलं. माणसं आत घुसली ती तक्रारी करतच. त्यापुढच्या थांब्यावरही गाडी थांबली, आणि त्यापुढच्याही. सगळ्या जागा भरल्या आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. भरलेली गाडी पुढचे थांबे घेत नाही. कोरडेवस्ती टाळून ती परस्पर नव्या घाटाने उतरणार होती. ऋजुताने मायक्रोफोन ओढला.

"मी प्राधिकरणातून बोलतेय. कृपया ऐका. गाडी भरलीये, पण मला ती कोरडेवस्तीला न्यायचीय. तिथे..."

"आत्ता आठवण झाली होय आमची?" दाराशी उभी असलेली एक जाडजूड बाई तिथूनच कडाडली. "कालपासून पाव्हण्यांकडे पडलेय मी! तिकडं पोरं काय खात असतील?"

"चूक झालीये, मावशी. माझीच झालीये. पण कोरडेवस्तीला एक म्हातारे गृहस्थ आहेत."

"कोण लागतात तुमचे?"

"वडील," ऋजुता म्हणाली.

मावशींनी मागे वळून गाडीवर नजर टाकली. "मग त्यात एवढं अवघड काय? ए दादा, सरक की तिकडं. पिशवी मांडीवर घे. तुम्ही पोराला कडेवर घ्या. झाली जागा! न्या तुमची गाडी."

तौफिकने वजनाची मर्यादा बघितली, मान हलवली आणि आसनांची अट काढून टाकली. गाडी शेवटचं वळण चढून वर आली तेव्हा उजेड अगदी नावाला उरला होता.

कोरडेवस्तीच्या थांब्यावर गाठोडी घेऊन दोन बायका उभ्या होत्या आणि कट्ट्यावर दोन म्हातारे बसले होते. त्यातल्या एकाच्या डोक्याला उन्हाची टोपी होती. ऋजुताने तोंडावर हात दाबून धरला. जिवंत होते. बसले होते, मान हलवत होते, बोलत होते.

"अप्पा!"

अप्पांनी दचकून इकडेतिकडे बघितलं. "कोण? ऋजू? अगं, तू गाडीत काय करतेस?"

"गाडीत नाही, ऑफिसातून बोलतेय. चढा लवकर, अंधार होतोय."

अप्पा उठले. त्यांनी त्या दोन्ही बायकांना हात देऊन वर चढवलं, त्यांची गाठोडी आत ढकलली. मग मागे सरकले.

"मी नाही येत गं."

"म्हणजे?"

"म्हणजे राहतोय इथंच, रंग्याकडे. त्याला आता काही म्हणजे काही दिसत नाही, आणि मला त्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्याला बसवत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो आम्ही. या बायकांना थांब्यापर्यंत सोडायला आलो होतो. गाडी येते की नाही, त्यांना धाकधूक वाटत होती."

"मग मला सांगायचंत ना अप्पा!"

"सांगत होतो की. तू म्हणालीस संध्याकाळी." अप्पा अजिबात रागावलेले नव्हते. "तुझी आई गेल्यापासून त्या संध्याकाळची वाट बघतोय बघ मी. ती काही होत नाही. म्हटलं, आधी जावं आणि मग रंग्याच्या फोनवरून कळवावं."

गाडीतली माणसं दाराकडे सरकून ऐकत होती. मावशीसुद्धा.

"आणि गोळ्या?" ऋजुताचा आवाज फाटला. "सगळ्या गोळ्या घेऊन गेलात तुम्ही."

"मग? राहायचं म्हटल्यावर गोळ्या नकोत? तूच ओरडली असतीस." बोलता बोलता अप्पा थबकले. "अगं, तुला काय वाटलं?"

कट्ट्यावरच्या रंगनाथने गाडीच्या दिशेने मान वळवली आणि काठीने अप्पांच्या पायाला ढोसलं. "विश्या, गप बस. पोर रडतेय तिकडं."

"ऋजू," अप्पा म्हणाले. गाडीच्या दाराशी आले आणि नेमकं कुठे बघावं हे न कळून छताकडे बघत राहिले. "वेडी का गं तू? मी इथे बरा आहे. रविवारी ये, पिठलं आम्ही करतो."

"चढा ना अप्पा. आजच्या दिवस तरी."

"गाडीतली माणसं खोळंबलीत. सोड गाडी."

तिने गाडी सोडली. नव्या घाटातले दिवे एकेक करून पडद्यावर यायला लागले, आणि ती माणसं आपापसात बोलायला लागली, कुणी घरी फोन लावले, कुणाचं तरी पोर भुकेनं रडायला लागलं. ऋजुता खाली बसली. ज्या यंत्राला ती मनातल्या मनात शिव्या घालत होती, त्याने अप्पांचं सकाळीच ऐकलं होतं. शेजारी उभी राहून तिने ऐकलं नव्हतं. ही गोष्ट तिला फार लागली.

नेर्लेकर साहेब इतका वेळ मागे उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या बाबतीत यंत्र बरोबर निघालं की मग."

"हो साहेब. एका माणसाच्या बाबतीत बरोबर, आणि त्या गाडीभर माणसांच्या बाबतीत चूक."

"मी पाहिलं." त्यांनी पडद्यावरच्या भरलेल्या गाडीकडे बोट केलं. "काय करायचं म्हणता?"

"एकेरी बंद. उद्यापासून जो जाईल त्याची परतीची जागा धरायची. प्रत्येकाची."

"अर्ध्या गाड्या रिकाम्या येतील. मंडळ मला फाडून खाईल."

"तुम्हाला कशाला खाईल? मला उभं करा पुढे. सत्कार माझा झाला होता ना?"

साहेबांनी तौफिककडे बघितलं. तौफिक मुद्दाम पडद्यात डोकं घालून बसला होता. "उद्याचा दिवस करा," साहेब म्हणाले. "परवा मंडळापुढे बोलायची तयारी ठेवा." आणि ते आत निघून गेले.

तौफिकने घाटाकडच्या गाड्या मांडायला घेतल्या; उजाडताच पहिली गाडी, खालच्या दोन थांब्यांवर मागे राहिलेल्यांसाठी. एकेका गावापुढे जागा भरत गेल्या. कोरडेवस्तीपाशी येऊन तो थांबला.

"मॅडम, अप्पांची जागा काढू ना? ते तर येणार नाही म्हणालेत."

"नको. राहू दे."

"उद्या राहू दे?"

"रोज राहू दे."

"रोज रिकामी येईल मॅडम."

"येऊ दे," ऋजुता म्हणाली. "रिकामी आली तरी चालेल. धर."

तौफिकने जागा धरली.